पूर्वअटबाईंचा राहिलेला पेपर

आमच्या महाविद्यालयात गणित आणि संख्याशास्त्राची पदवी मिळवायला नेमकं काय काय लागतं, हे विभागप्रमुखाला माहीत नसतं. मी स्वतःच विभागप्रमुख आहे, म्हणून खात्रीने सांगतो. एकशे वीस क्रेडिट लागतात, एवढं मला ठाऊक आहे. पण त्यातले सक्तीचे किती, ऐच्छिक किती, संख्याशास्त्रवाल्याने गणितातले कुठले दोन विषय घेतलेच पाहिजेत आणि ते घेण्याआधी कुठला तिसरा विषय झालेला असला पाहिजे, असं कुणी विचारलं की मी घसा साफ करतो आणि म्हणतो, "खिडकीवर विचारा."

खिडकीत पूर्वअटबाई बसतात. हे नाव मुलांनी ठेवलेलं. "मॅडम, हा विषय घेऊ का?" असं कुणी विचारलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "त्याची पूर्वअट झालीय का?" एका टवाळाने एकदा "मॅडम, लग्न करू का?" असं विचारलं, तेव्हाही त्यांनी मान वर न करता हेच विचारलं, असं सांगतात. बाई विनोदी नाहीत, त्यामुळे हे खरं असावं.

खिडकीमागची खोली अरुंद आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, फायलींची तीन लोखंडी कपाटं. खिडकी म्हणजे भिंतीतलं भोक, त्याला वर-खाली सरकणारी फळी. मागच्या बाजूला लाकडी पार्टिशन आणि पलीकडे वर्ग क्रमांक चार. बाईंना उजेड दोन बाजूंनी मिळतो, खिडकीतून मुलांच्या डोक्यांच्या मधून आणि पार्टिशनच्या वरच्या फटीतून. पंचवीस वर्षं त्या इथे बसल्या आहेत. चष्म्याचे तीन नंबर इथेच बदलले.

मी त्यांना ताई म्हणतो, कारण मी इथलाच विद्यार्थी. त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. चारचौघांत त्या मला "सर" म्हणतात, आणि माझं काही चुकलं की एकदम "अरे" वर येतात. आठवड्यातून दोन-तीनदा येतात.

शेवटच्या वर्षाला असताना माझ्या पदवीत एक भोक होतं, ते त्यांनीच शोधलं. संभाव्यता हा विषय तेव्हा गणितवालेही शिकवायचे आणि संख्याशास्त्रवालेही. मी दोन्हीकडे बसलो, दोन्हीकडे पास झालो आणि क्रेडिट दोनदा मोजले. ही चूक आमच्याच विभागात होऊ शकते, इतरांना एक विषय दोनदा शिकायची हौस नसते. ताईंनी मला खिडकीवर बोलावलं, तक्त्यावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाल्या, "हा आणि हा एकच. तुझा एक विषय कमी पडतोय. रिअल अ‍ॅनालिसिस भाग दोन घे किंवा नमुना सर्वेक्षण घे. दोन्ही चालतील." मी ऐटीत अ‍ॅनालिसिस घेतलं. चार दिवसांनी वरच्या वर्गातल्या मुलांनी त्या विषयाची अशी काही वर्णनं केली की माझं अवसान गळालं. मी चिठ्ठी लिहून नाव काढून घेतलं आणि नमुना सर्वेक्षण घेतलं. चिठ्ठी ताईंनीच घेतली. वाचली, तारीख घातली, शिक्का मारला. "नक्की?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "नक्की." वर्ग सुरू व्हायच्या आधीची गोष्ट.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. यंदाच्या मार्चमध्ये ताई माझ्या केबिनमध्ये आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. पंचवीस वर्षांत त्यांना दार लावताना मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, कुणी पेपर फोडला.

त्यांच्या हातात परिपत्रक होतं. ज्या जुन्या विद्यार्थ्यांचे एक किंवा दोन विषय राहून पदवी अडली आहे, त्यांना एकदाच, शेवटची संधी. मुदत संपून पटावरून नाव गेलेलं असलं तरी चालेल. राहिलेल्या विषयाच्या जागी आजच्या अभ्यासक्रमातला समकक्ष विषय घ्यायचा, मे महिन्यात परीक्षा द्यायची, जूनमध्ये पदवी.

"छान आहे," मी म्हटलं. "सूचना लावा बोर्डावर."

"लावली," त्या म्हणाल्या. आणि मग, "सर, मला अर्ज करायचाय."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

ज्या बाईने गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या प्रत्येक पदवीधराचा कागद तपासला, तिच्याकडे पदवी नाही हे माझ्या डोक्यात शिरेना. आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची बाईंची पद्धत नाही.

त्यांचा एकच पेपर राहिला होता, आणि त्यांच्या तुकडीला तो सक्तीचा होता, माझ्यासारखा पर्याय नव्हता. रिअल अ‍ॅनालिसिस भाग दोन.

तो विषय तेव्हा एक वर्षाआड शिकवत. ताईंनी दुसऱ्या वर्षी भाग एक घ्यायच्या ऐवजी आवडीपोटी संख्याशास्त्राचा एक जादा विषय घेतला, भाग एक तिसऱ्या वर्षावर गेला आणि नेमका त्याच वर्षी भाग दोन होऊन गेला. भाग एक झाल्याशिवाय भाग दोन नाही. सगळं पास होऊनही दोन वर्षं नुसतं थांबायचं. वडील नुकतेच गेले होते, घरी आई एकटी, पगाराची गरज होती. विभागात कारकुनाची हंगामी जागा होती. "तेवढ्यापुरती घेतली," ताई म्हणाल्या. दोन वर्षांनी विषय पुन्हा लागला तो अकरा ते बारा, आणि खिडकी उघडायची वेळही अकरा ते बारा. जुन्या विभागप्रमुखांकडे तासभर सुट्टी मागायला गेल्या, तर त्यांनी विचारलं, "खिडकीवर कोण बसेल?" त्या वर्षी पार्टिशनच्या अलीकडे बसून त्यांनी पूर्ण भाग दोन ऐकला. फळ्यावरचं दिसत नव्हतं, पण ऐकून वहीत लिहून घेतलं. मुलांना क्रेडिट कसे मोजायचे ते सांगता सांगता.

"आणि त्याच्या पुढच्या वेळी?" मी विचारलं.

"पुढच्या वेळी वेळ सकाळी आठची होती. खिडकीच्या आधी. नाव नोंदवलं मी. पण किमान पाच विद्यार्थी लागतात. चारच झाले, म्हणून वर्ग रद्द झाला."

मी साल विचारलं. त्यांनी सांगितलं. ते माझ्या शेवटच्या वर्षाचं साल होतं. "ताई, पाचवा कोण होता?"

"ते जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू विद्यार्थी होतास. घाबरला होतास."

"तुम्ही मला सांगितलं का नाही? मी राहिलो असतो!"

"राहिला असतास आणि नापास झाला असतास. मग तुझी पदवी अडली असती." त्यांनी परिपत्रक माझ्या पुढ्यात सरकवलं. "आता ते सोड. जूनअखेरपर्यंत पदवी हातात आली तर मला जायचंय."

कुठे जायचंय तेही सांगितलं. त्यांची वर्गमैत्रीण आता एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. तिच्याकडे गणिताच्या शिक्षिकेची जागा रिकामी होती. ती जागा तिने ताईंसाठी थांबवून ठेवली होती, पण जूनअखेरपर्यंतच. पदवीशिवाय ती तरी काय करणार?

ताई शिकवतात कशा, हे मी पाहिलंय. एकदा काही कागद न्यायला संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत आई, कमी ऐकू येतं म्हणून रेडिओ मोठ्याने लावलेला. बाहेर टेबलाभोवती शेजारपाजारची सहा मुलं. एक मुलगी अपूर्णांकांना भागायचं म्हटल्यावर रडकुंडीला आली होती. ताईंनी एक कागद घेतला, घड्या घातल्या आणि विचारलं, "अर्ध्या कागदात पाव कागद किती वेळा बसतो?" मुलीने ठेवून पाहिलं. दोनदा. "मग उत्तर मोठं का आलं?" मुलगी कागदाकडे बघत बसली आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते माझ्या वर्गात मी वर्षातून एखाद्या वेळीच पाहतो. त्या टेबलाशी ताई हसत होत्या. खिडकीत त्या कधी हसत नाहीत. रागच आला मला त्या दिवशी, पण नेमका कुणाचा ते कळलं नाही.

तेव्हा मार्चमध्ये मी टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, "झालं समजा. अर्ज करा. परीक्षा तर तुम्ही झोपेत द्याल."

"एक अडचण आहे," ताई म्हणाल्या. अडचण नसती तर त्या ताई कसल्या!

वीस वर्षांपूर्वी जुना अभ्यासक्रम बंद करून नवा आणला, तेव्हा समकक्षता तक्ता केला होता. डावीकडे जुना विषय, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा नवा. ज्या जुन्या विषयात एकही विद्यार्थी अडकलेला नव्हता, ते विषय तक्त्यात घेतले नव्हते. रिअल अ‍ॅनालिसिस भाग दोन तक्त्यात नव्हता. आणि परिपत्रक सांगत होतं की तक्त्यात नसलेल्या विषयाला समकक्ष विषय देता येणार नाही. अपवाद एकच, तक्ता करताना चूक झाली असेल तर. चूक म्हणजे काय तेही लिहिलं होतं. तक्त्यावर सही झाली त्या दिवशी पटावर अडकलेला विद्यार्थी होता, तरीही विषय वगळला गेला, असं असेल तर.

"मग झालीच ना चूक! तुम्ही अडकलेल्या होतात!"

"तारखा बघाव्या लागतील," त्या म्हणाल्या.

तारखा मी बघितल्या. म्हणजे, एका रविवारी किल्ली घेऊन आलो आणि तिसरं कपाट उपसलं. तक्त्याची मूळ फाइल मिळाली. आत ताईंच्या अक्षरातला कच्चा तक्ता होता, आणि त्यात रिअल अ‍ॅनालिसिस भाग दोनची ओळ चक्क होती! समोर नवा विषय लिहिलेला, वर पेन्सिलीची एक रेघ मारून ओळ खोडलेली. सोबत एक चिठ्ठी टाचलेली, "२७ मे. भाग दोन, शिल्लक विद्यार्थी : १." मी एकटाच त्या खोलीत मोठ्याने हसलो. सत्तावीस मेला एक विद्यार्थी होता, ओळ होती, आणि नंतर कुणीतरी ती खोडली. याहून मोठा पुरावा काय हवा?

सोमवारी मी ताईंना चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली नाही.

"तक्त्यावर सही बारा जूनची आहे," त्या म्हणाल्या.

"असू दे. मोजणी मेमधली आहे. तक्ता मेमध्ये तयार झाला, असं मी लिहितो. तुमच्या फाइलवर शेरा मी लिहिणार, ताई. तुम्ही हात लावायचा नाही. वेगळी आणून द्या माझ्याकडे."

त्यांनी चिठ्ठीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं."

परीक्षा विभागाने ताईंचा अर्ज छाननीसाठी आमच्याकडे पाठवला होता. पदवीचा कुठलाही अर्ज आला की छाननी विभागाने करायची असते, आणि विभाग म्हणजे खिडकी. म्हणजे स्वतःचा अर्ज तपासायला ताईंकडेच आला होता. मी त्यावर खूप हसलो, दोन सहकाऱ्यांनाही सांगितलं. आज त्या हसण्याची लाज वाटते.

एप्रिलमध्ये शेवटच्या वर्षाच्या फायली आल्या. दरवर्षी ताई एकेका मुलाचा तक्ता भरतात, प्रत्येक चौकटीत खूण करतात, खाली "पात्र" किंवा "अपात्र" लिहितात, आणि गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवतात. मी सह्या करतो. वाचत नाही. वाचून काय करू? त्यांची चूक कधी सापडली नाही, आणि मला क्रेडिट मोजता येत नाहीत हे वर सांगितलंच आहे. त्या दिवशी माझी बैठक होती. गठ्ठा समोर आला, मी पेन काढलं, फायली उघडत गेलो, सही करत गेलो. ताई बाजूला उभ्या राहून पानं उलटून देत होत्या.

"तुमची फाइल?" मी मध्येच विचारलं.

"होईल," त्या म्हणाल्या.

मी बैठकीला गेलो. पुढच्या दहा दिवसांत दोनदा आठवण केली, दोन्ही वेळा त्या "होईल" म्हणाल्या. शेराही मी लिहून तयार ठेवला होता, चांगला पानभर.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा विभागाचं पत्र आलं. "आपल्या विभागाच्या छाननीनुसार सदर अर्जदार अपात्र असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. छाननी तक्ता सोबत जोडला आहे." तक्ता ताईंच्या अक्षरात होता. नाव त्यांचं. एकशे सोळा क्रेडिट पूर्ण, चार बाकी. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "मुदत ३१ मे रोजी संपून नाव पटावरून कमी. तक्त्यावर सही १२ जून. त्या दिवशी या विषयात पटावर विद्यार्थी नाही. वगळण्यात चूक नाही. अपात्र." आणि खाली माझी सही होती. घाईतली, शेवटचं अक्षर लांब ओढलेली. ती फाइल गठ्ठ्यात कितव्या क्रमांकावर ठेवली होती देव जाणे.

मी तडक खिडकीमागच्या खोलीत गेलो. आयुष्यात इतका संतापलो नव्हतो.

"हे काय केलंत?"

"छाननी," त्या म्हणाल्या.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, शेरा मी लिहिणार! तुम्ही बरं म्हणालात!"

"तू खोटं लिहिलं असतंस. आणि मग पाठवण्याआधी ते मलाच तपासावं लागलं असतं."

"खोटं कुठे? सत्तावीस मेला एक विद्यार्थी होता! चिठ्ठी आहे! ती ओळ कुणी खोडली ते सांगा, मी आजच्या आज अपील करतो. कुणी खोडली?"

"मी."

मी खुर्चीत बसलो.

ताईंनी खिडकीची फळी खाली ओढली. बाहेर दोन मुलं उभी होती, त्यांना "पाच मिनिटं" म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता सांगायला लागल्या. सत्तावीस मेला मोजणी केली, उत्तर एक आलं, ते जुन्या प्रमुखांकडे घेऊन गेल्या. नवा अभ्यासक्रम लवकर मंजूर व्हावा म्हणून ते घाईला आले होते. जुना विषय तक्त्यात ठेवला तर त्याची परीक्षा, त्याचा परीक्षक, सगळं चालू ठेवावं लागणार होतं, तेही एका विद्यार्थ्यासाठी. ते चिडले. चार-पाच प्राध्यापक बसले होते. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "कोण आहे हा दिवटा? आठ वर्षांत एक पेपर सुटत नाही? कोण आहे, नाव सांगा."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, बघून सांगते."

पलीकडे चार नंबरच्या वर्गात कुणीतरी फळा पुसत होतं. पार्टिशन थोडं हलत होतं.

"चारच दिवसांनी माझी आठ वर्षांची मुदत संपत होती," ताई म्हणाल्या. "एकतीस मेपर्यंत थांबले. मग एक जूनला पुन्हा मोजलं, शून्य आलं. शून्य खरं होतं. ओळ खोडली, तक्ता टाइप केला. सर फिरतीवर होते, बारा तारखेला आले, सही केली. म्हणाले, बघा, होतं की नाही! मी होय म्हटलं."

"ताई, तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तर..."

"ते पुन्हा पुन्हा विचारत होते रे. कोण आहे, कोण आहे. मी समोरच उभी होते, हातात तोच कागद. एकच शब्द बोलायचा होता. मला लाज वाटली." त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. डोळे लाल झाले होते. आवाज मात्र नेहमीचा होता. "तो एक शब्द वीस वर्षं माझ्या घशात आहे. या मार्चमध्ये तुझं दार लावून म्हटला. आता म्हटला तर नियमात बसत नाही."

शाळेची जागा जूनच्या शेवटच्या आठवड्यात भरली. ती मिळाली आमच्याच विभागाच्या, यंदाच्याच पदवीधर मुलीला. तिची फाइल त्याच गठ्ठ्यात होती. मुलगी हुशार आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तिच्या शाळेने पदवीची खातरजमा करायला पत्र पाठवलं. ते छाननीसाठी खिडकीवर आलं. ताईंनी कपाटातून तक्ता काढला, एकशे वीस क्रेडिट पुन्हा मोजले, "पात्र" लिहिलं आणि माझ्याकडे सहीला घेऊन आल्या.

या वेळी मी पूर्ण वाचलं. प्रत्येक चौकट. बराच वेळ लागला. ताई टेबलाशी उभ्या होत्या.

"बरोबर आहे ना, सर?" त्यांनी विचारलं.

बरोबर होतं. मी सही केली.